पोचल्याचा फोन

जयमालाच्या अंगात बळ किती आहे हे आमच्या अख्ख्या आळीला माहीत होतं, फक्त तिला माहीत नव्हतं. गॅसचा भरलेला सिलिंडर ती कमरेवर घेऊन चालायची. पाण्याचा टँकर आला की स्वतःच्या दोन कळशा भरून वर माझी बादलीही उचलायची आणि म्हणायची, "ताई, तुमी नका वाकू, कंबर धरंल." वाळव्याकडची बाई, लहानपणापासून उसाच्या मोळ्या उचललेली. आणि हीच बाई वर्षातून चार वेळा, ठरल्यासारखी, आपल्याहून निम्म्या अंगाच्या नवऱ्याचा मार खायची. मला याचा फार राग यायचा. पण तो नक्की कुणाचा, हे कळायला चार वर्षं गेली.

कळंबोलीला सिडकोच्या बैठ्या घरांत आम्ही ब्याण्णव साली राहायला आलो. भिंतीला भिंत लागलेली, आणि तीही इतकी पातळ, की पलीकडे कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या ते इकडे मोजून मी माझा गॅस बंद करावा. भिंतीपलीकडे जयमाला, तिचा नवरा दिनानाथ आणि मुलगी सई. दिनानाथ तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत बॉयलरवर होता. कंपनीचा दुसरा कारखाना गुजरातेत. तिथला बॉयलर दर तीन महिन्यांनी बंद करून साफ करावा लागे, त्यासाठी इथली चार माणसं दहा-बारा दिवस तिकडे जात. त्यांत हा असायचाच.

बाहेर माणूस अगदी सभ्य. तेल लावून पाडलेला भांग, कपाळाला गंध, मला बघितलं की "काय वहिनी, ठीक ना?" गणपतीत आरतीला टाळ याच्या हातात. आळीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना याचं उदाहरण द्यायच्या, की बघा, पानसुद्धा खात नाही. माझ्या भिंतीने ऐकलेलं माझ्या पोटात राहायचं.

गावाला जायच्या दिवशी सकाळी दिनानाथ बॅग उघडून खाटेवर बसायचा. हातात एक यादी. वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेली, एकवीस वस्तूंची. तो विचारायचा आणि तिने उभं राहून उत्तर द्यायचं.

"टॉवेल?"

"आहे."

"दाढीचा डबा?"

"आहे."

एकवीस वस्तूंत एखादी राहायचीच. आणि नाही राहिली तर तो बाविसावी काढायचा. मग पट्टा, नाहीतर हाताला लागेल ते. मी एकदा न राहवून तिला विचारलं, "अगं, जायच्याच दिवशी का मारतो?" ती कणीक मळत होती. म्हणाली, "मागं दहा दिवस पुरलं पायजे न्हवं."

आणि मी काय करायची? मी मिक्सर लावायची. पलीकडून पहिला आवाज आला की शेंगदाणे भांड्यात घालून बटण फिरवायचं. आमच्याकडे शेंगदाण्याचं कूट इतकं साठायचं की माझी ऋता म्हणायची, आई, आपण कुटाचं दुकान टाकू. आमचे हे पेपर तोंडासमोर धरून म्हणायचे, "दुसऱ्याच्या घरातलं आहे, आपण पडू नये." दुपारी जयमाला कूट उसनं मागायला यायची, गालावर वळ घेऊन. "पायरीवरून पडले ताई." त्यांच्या दाराची पायरी चार बोटं उंच होती. तिच्यावरून पडून कुणाचा गाल फुटत नाही, हे मला कळत होतं, तिला कळत होतं, आणि मी वाटीभर कूट देत होते.

तो गेला की मात्र ती निराळीच बाई व्हायची. दारातली खाट बाहेर काढून उन्हात बसायची, ठेचा-भाकरी करून मला हाक मारायची, सईच्या वेण्या घालताना तिकडची गाणी म्हणायची. एवढी मोठ्याने हसायची, की समोरच्या घरातली बायजाबाई खिडकी लावून घ्यायची. पण हे सगळं दुसऱ्या दिवसापासून. पहिला दिवस ती केर काढायची नाही. माणूस गावाला निघाला की तो पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, हे आमच्याकडे लहान पोरीलाही शिकवतात. आमचे हे टेलिफोन खात्यात, म्हणून आळीत फोन फक्त आमच्याकडे. संध्याकाळी दिनानाथचा फोन यायचा, "वहिनी, घरी सांगा, पोचलो." मी भिंतीवर दोनदा थाप मारायची. आणि मग पलीकडे झाडूचा आवाज सुरू व्हायचा. फुटलेल्या बांगड्या, तुटलेली बटणं, सगळं दिवसभर तसंच पडलेलं असायचं. ज्याने ते केलं तो सुखरूप पोचावा म्हणून.

एकदा सई माझ्याकडे लसूण सोलत बसली होती. आठ वर्षांची पोर, आईसारखी मोठ्या हाडांची, बोलायला कमी. तिने विचारलं, "काकू, बाबा गेले की आई केर का काढत नाही? माझ्या पायात काच गेली."

मी हातातलं काम न सोडता सांगितलं, "लगेच केर काढला तर गेलेलं माणूस परत येत नाही, म्हणून."

तिने हातातली पाकळी पूर्ण सोलली, ताटलीत ठेवली आणि घरी गेली. मी पुढे विसरूनही गेले.

शहाण्णवच्या फेब्रुवारीतली गोष्ट. कंपनीची जीप आठला नाक्यावर येणार होती, म्हणून यादी सातलाच सुरू झाली. त्या दिवशी राहिली पायजम्याची नाडी. धुतलेल्या पायजम्यात ओवायची राहून गेली. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या होता, तोच त्याने मारला. मी मिक्सर लावला, पण वीज गेलेली होती. त्या दिवशी मी सगळं ऐकलं. तांब्या कपाळाच्या हाडावर लागला तो आवाज, तिचं नुसतं "आई गं", आणि मग त्याचं ओरडणं: "शर्ट बघ! शर्ट बघ काय केलास माझा!" तिचं रक्त त्याच्या शर्टावर उडालं होतं. नाडीचा मार झाला होता, आता शर्टाचा सुरू झाला. आरसा फुटला. काहीतरी जड भिंतीवर आपटलं आणि माझ्या फडताळातले डबे हलले. ते तिचं डोकं होतं.

मग त्याचा आवाज, रोजच्यासारखा. "शर्ट भिजव. डाग बसता कामा नये."

मी दारात गेले. माझ्याने एवढंच व्हायचं, दारात जाणं. तो दुसरा शर्ट घालून बाहेर आला. मागून ती आली, एका हाताने पदर भुवईवर दाबून धरलेला, पदर लालभडक, आणि दुसऱ्या हाताने तिने त्याच्या तळव्यावर दही घातलं. त्याने ते चाटलं.

"येतो," तो म्हणाला.

"या," ती म्हणाली.

कोपऱ्यावरच्या हिरामणची रिक्षा उभीच होती. हिरामण शेजारच्या गावठाणातला, जमीन सिडकोत गेली तेव्हा रिक्षा घेतलेला. त्याने जयमालाकडे बघितलं आणि मान फिरवली. दिनानाथ रिक्षात बसता बसता मला म्हणाला, "वहिनी, संध्याकाळी फोन करतो. सांगा घरी."

मी तिला हाताला धरून माझ्या स्वयंपाकघरात आणलं. भुवई उभी फाटली होती, आत पांढरं दिसत होतं. मी हळद दाबली. तिने डोळेसुद्धा मिटले नाहीत. मी चिडून म्हटलं, "एकदा हात धरत का नाहीस त्याचा? तुझ्या एका हातात मावेल तो."

"आईनं शपथ घातलीया ताई. नवऱ्यावर हात उचलायचा न्हाई."

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. सर्र, सर्र, सर्र. झाडूचा.

जयमाला माझ्यासमोर बसलेली होती. म्हणजे झाडत होती सई. बारीक हाताने, पण जोर लावून, फरशी खरवडून काढल्यासारखं. फुटक्या आरशाच्या काचा किणकिणत होत्या. जयमालाने माझ्याकडे बघितलं. "तिला कुणी सांगितलं?" तिने हळूच विचारलं. मी हळदीच्या डब्याचं झाकण लावायला लागले. ते लवकर लागेना.

ती उठणार, तर बाहेर रिक्षा थांबली. नाक्यावर जाऊन दिनानाथच्या लक्षात आलं होतं, की कंपनीचं ओळखपत्र काढून टाकलेल्या शर्टाच्या खिशात राहिलं. त्याशिवाय तिकडच्या गेटातून कुणी आत सोडत नाही. स्वतःच रक्ताने माखवलेला शर्ट, त्यानेच त्याला मागे आणलं.

आम्ही त्यांच्या दारात पोचलो तेव्हा तो आत उभा होता. सईने केर उंबऱ्यापर्यंत आणला होता. काचा, बांगड्यांचे तुकडे, ती नाडी. बॅग अजून त्याच्या खांद्याला होती.

"काय करतेस?"

"केर काढते."

"आईने सांगितलं?"

"नाही."

"मग कुणी?"

"कुणी नाही. मला माहितीये. केर काढला की गेलेलं माणूस परत येत नाही." मग तिने मान वर केली. खरंच कोडं पडलं होतं तिला. "मग तुमी कसे आलात?"

तोवर त्याने पोरीवर कधी हात टाकला नव्हता. जयमाला हे मला अभिमानाने सांगायची, की सईला बोट लावत नाहीत हं. त्याने सईच्या दोन्ही वेण्या एका मुठीत धरल्या, तिला उचललं आणि खाटेच्या कडेवर तोंडावर आपटलं. एकदा. मग पुन्हा. नुकताच आलेला पुढचा दात तुटून माझ्या पायापाशी आला. "कुणी शिकवलं? नाव सांग! कुठल्या रांडेने शिकवलं?" पोरीच्या तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती. तिने डोळे फिरवून माझ्याकडे बघितलं. सरळ माझ्याकडे. मी दाराची चौकट धरून उभीच. सईने मान हलवली आणि म्हणाली, "कुणी नाही."

त्या वेळी मी "मी सांगितलं" असं म्हणाले असते तर काय झालं असतं? काही नाही, त्याने मला थोडंच मारलं असतं? तरी मी बोलले नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहिते आहे.

जयमाला माझ्या बाजूने पुढे गेली. घाईने नाही. मोरीत गेली, बादलीत तो शर्ट भिजत होता, शेजारी कपडे धुवायचं धोपटणं पडलं होतं. शिसवी लाकडाचं, माहेरून आणलेलं. ते तिने उचललं, परत आली, आणि वेण्या धरलेल्या हातावर मनगटाच्या वर मारलं. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. सुकी फांदी गुडघ्यावर मोडावी तसा. मूठ सुटली. सई खाली पडली आणि सरपटत माझ्याकडे आली.

तो किंचाळला. चार वर्षं आम्ही तिचं किंचाळणं ऐकलं होतं, याचं वेगळं होतं, बारीक.

"टॉवेल घेतलात?" जयमालाने विचारलं.

"जया... अगं जया, हात..."

धोपटणं खांद्यावर बसलं. "टॉवेल घेतलात का, विचारते."

"घेतला!"

"आहे म्हणायचं."

"आहे!"

"दाढीचा डबा?"

"आहे, आहे..."

तरी मारलं. पाठीवर, मांडीवर, नडगीवर. तो खाटेखाली शिरायला लागला, तिने पाय धरून बाहेर ओढला, सिलिंडर ओढते तसा. एकवीस वस्तू तिला पाठ होत्या, पुठ्ठा बघायची गरज नव्हती. बनियनी. मोजे. साबण. देवाचा फोटो. प्रत्येकीला एक. ती ओरडत नव्हती, शिवी देत नव्हती, अहो-जाहोसुद्धा सोडलं नाही. "रुमाल घेतलेत? चष्म्याचं घर घेतलंत?" तिच्या भुवईतलं रक्त पुन्हा वाहायला लागलं होतं, एक डोळा पूर्ण भरला होता, तो तिने पुसला नाही. त्याचा ओठ फाटला, नाकातून रक्त आलं, खाटेचा एक खूर निखळला. भीती वाटत होती मला. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटत होतं. पंधरावी वस्तू झाली तेव्हा लक्षात आलं, की मी मनात मोजत होते.

हिरामण दारात येऊन उभा राहिला होता. "वयनी, पुरं झाला आता," तो म्हणाला. "मरल तो."

"एक राहिली," जयमाला म्हणाली. ती दमली होती, धोपटणं दोन्ही हातांनी वर धरलेलं. "नाडी?"

दिनानाथ भिंतीला टेकून बसला होता. त्याची पँट ओली झाली होती. तो धोपटण्याकडे बघत रडत म्हणाला, "नाही... राहिली."

"राहिली तर राहिली," जयमाला म्हणाली. तिने हात खाली केला. "एवढंच म्हणायचं व्हतं तुमी. दहा वर्षं."

नंतर तिने त्याला खाटेवर बसवलं. पेल्यात पाणी आणलं. "निघालेलं माणूस मागं आलं की बसून पाणी पिऊन जातंय. प्या." त्याने डाव्या हाताने पेला धरला, पेला दातांवर वाजत होता. मोरीतल्या भिजक्या शर्टातून तिने ओळखपत्र काढलं, पदराला पुसलं आणि त्याच्या खिशात ठेवलं.

हिरामणने त्याला काखेत धरून उठवलं. "दवाखान्यान काय सांगू, वयनी?"

"पायरीवरून पडले म्हणावं."

आणि गंमत बघा, दिनानाथने डॉक्टरला स्वतःच तेच सांगितलं. बायकोने मारलं हे कोणत्या तोंडाने सांगणार! डॉक्टरने पायरी किती उंच ते विचारलं नाही. कुणी विचारत नाहीच.

रिक्षा गेली. आळीतल्या बायका आपापल्या दारांत आल्या होत्या, बायजाबाईने खिडकी सताड उघडली होती. जयमालाने सईला जवळ घेतलं, तोंडात ओलं फडकं धरायला दिलं आणि खाली पडलेला झाडू तिच्या हातात पुन्हा दिला. "कोपरे राहिलेत बघ," ती म्हणाली. दोघींनी मिळून घर झाडलं. रक्त पुसलं. केर उंबऱ्यापार, पायरीपार, फाटकापार नेला, सगळ्यांच्या देखत. मग मी आणि ती सईला घेऊन दाताच्या डॉक्टरकडे गेलो.

तो परत आला. संध्याकाळीच आला, हात गळ्यात बांधून. केराने काही होत नाही, माणसं येतातच. तिने त्याला भात कालवून चमच्याने भरवला, कारण उजवा हात प्लास्टरमध्ये. आईची शपथ मोडली त्याचं माहेरी गेल्यावर बघू, असं मला म्हणाली. दीड महिन्याने प्लास्टर निघालं. त्यानंतर एकदा, आमटीत मीठ कमी म्हणून, त्याचा आवाज चढला. माझा हात सवयीने मिक्सरकडे गेला. तेवढ्यात पलीकडे खिळ्यावरून काहीतरी काढल्याचा बारीक आवाज आला. धोपटणं आता दाराशेजारी खिळ्याला असायचं. आवाज बसला. मी हात मागे घेतला.

ऑगस्टमध्ये तो पुन्हा गुजरातला निघाला. बॅग त्याची त्यानेच भरली, वाकड्या बसलेल्या हाताने, हळूहळू. यादी कुठे दिसली नाही. सई पायरीवर बसून बघत होती, पुढचा दात नसलेलं तोंड मिटून. जयमालाने त्याच्या तळव्यावर दही घातलं. "येतो." "या." हिरामणने रिक्षा वळवली, आणि ती बायजाबाईच्या घरापुढूनही गेली नसेल, तोच झाडूचा आवाज सुरू झाला. एकाचा नाही, दोन झाडूंचा. दिनानाथने रिक्षातून मान बाहेर काढून मागे बघितलं. ते मी पाहिलं.

संध्याकाळी फोन वाजला.

"वहिनी, घरी सांगा, पोचलो." मी फोन ठेवायला गेले. "वहिनी... तिने केर काढला का?"

दहा वर्षं जयमाला मार खात होती, त्यातली चार मी भिंतीला कान लावून काढली होती.

"काढला," मी म्हटलं. "तुम्ही नाक्यावर पोचायच्या आत काढला. आणि दिनानाथ, सईला ते मीच सांगितलं होतं. पुन्हा विचारायचं असेल तर मला विचारा."

मी फोन ठेवला. भिंतीवर थाप मारायची गरज नव्हती, तरी मी उठून दोनदा मारली. पलीकडून जयमालाची हाक आली, "ताई, ठेचा केलाय, या जेवायला." मी गेले.